सागरी चोर आणि नसलेली संहिता : दशावतारी संकासुराचा एक अन्वय

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याआधी शिडाच्या जहाजांच्या लढायांवरील एका खेळाच्या नियमरचनेतही या दोघांचा सहभाग होता. नव्या खेळात मात्र सोंगट्यांपेक्षा बोलण्याला महत्त्व आले. एक सूत्रधार अद्भुत जगाची मांडणी करतो. इतर खेळाडू त्या जगातील एकेक पात्र होऊन आपले संवाद आणि आपली कृती त्या त्या क्षणी ठरवतात. फाशांचे दान यशापयशाचा निवाडा करते. अनेक बैठकांतून पुढे जाणाऱ्या अशा कथेला ‘मोहीम’ म्हटले जाते. चाच्यांची जहाजे, पुरलेली धने आणि शापित बेटे यांच्या मोहिमा ही या खेळाची एक लोकप्रिय शाखा आहे. १९९९ सालचा ‘सेव्हन्थ सी’ हा खेळ तर याच विषयावर उभा आहे. या शाखेतील सूत्रधाराची नेहमीची अडचण अशी की, चाचेगिरीची कथा तो रचून आणतो आणि समोरचे खेळाडू वेगळेच निघतात. एकाला तलवार हवी असते, दुसऱ्याला बोलाचाली. तिसऱ्याला लुटारूचे सोंग घ्यायचे असते, पण लुटीचे पातक नको असते. कथा खेळाडूंना साजेशी करून घ्यायची म्हणजे तिच्यात नेमके काय बदलायचे आणि काय बदलू द्यायचे नाही?

वरवर पाहता हा करमणुकीतील एक व्यावहारिक प्रश्न आहे. परंतु त्याच्या मुळाशी साहित्यशास्त्राचा एक जुना पेच आहे : ज्या कथेची लिखित संहिता नाही, तिच्या अर्थावर अधिकार कोणाचा? मराठी प्रदेशात या पेचाचा विचार ग्रंथांनी केला नसला, तरी प्रयोगाने तो शतकानुशतके सोडवला आहे. दक्षिण कोकण आणि गोमंतक येथील दशावतार हा त्याचा पुरावा होय. त्यातही विशेष हा की, या खेळाच्या आरंभीच एक सागरी चोर उभा आहे.

तो चोर म्हणजे संकासुर. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात शंख हा सागराचा पुत्र आहे. देवांचे बळ वेदांत आहे हे ओळखून तो वेदांचे हरण करतो आणि विष्णू मत्स्यरूप घेऊन त्याचा वध करतो. भागवताच्या आठव्या स्कंधात हेच वेदहरण हयग्रीव नावाचा दैत्य करतो. म्हणजे पुराणांतही चोराचे नाव स्थिर नाही. स्थिर आहे ती चोरी, पाणी आणि परतफेड. दशावतारी मंडळींनी त्यातून सागरपुत्राला निवडले. या जत्रांचा हंगामही कार्तिकापासूनच सुरू होतो.

ही निवड ज्या किनाऱ्यावर रुजली, त्याचा इतिहास येथे लक्षात घ्यायला हवा. ‘चाचा’ हा शब्द या किनाऱ्यावर कधीच निरपेक्ष नव्हता. पोर्तुगीजांनी समुद्रावर आपले परवाने लादले आणि परवान्यावाचून फिरणारे जहाज लुटीस पात्र ठरवले. कान्होजी आंग्रे यांनी तोच न्याय उलटा फिरवून आपले दस्तक चालू केले, तेव्हा इंग्रजांच्या कागदांत ते चाचे झाले. मराठ्यांच्या लेखी ते सरखेल होते. १७२९ साली कान्होजींचा मृत्यू झाला, तरी हा शब्दकलह संपला नाही. सावंतवाडी आणि मालवण येथील आरमारांनाही कंपनीच्या कागदांनी चाचेच ठरवले आणि १८१२ मध्ये चाचेगिरीच्या बंदोबस्ताचे कारण पुढे करून वाडीकरांकडून वेंगुर्ले आणि कोल्हापूरकरांकडून मालवण घेतले. मालवण-वेंगुर्ल्याचा हा टापू दशावताराचे माहेर मानला जातो. ज्या लोकांना परक्या दप्तराने चोर म्हणून नोंदवले, तेच लोक रात्रभर जागून एका सागरी चोराचा खेळ पाहत आले आहेत.

खेळाची घडण पाहिली म्हणजे या योगायोगाला अर्थ येतो. दशावताराचे दोन भाग असतात. पहिला आडदशावतार, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर आणि विष्णू अशी पात्रे ठरल्या क्रमाने येतात. दुसरा भाग पुराणातील एखाद्या आख्यानाचा. गणपतीचा मुखवटा पेटाऱ्यातून येतो, रंगमंचावर नेपथ्य म्हणावे ते एका बाकड्यापुरते, आणि देवपात्रे बोलतात ती प्रमाण मराठीच्या वळणाची भाषा. मग अंगभर काळा वेष, काळा मुखवटा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ अशा रूपात संकासुर प्रवेश करतो आणि मालवणी बोलू लागतो. नाईकाशी त्याची जुगलबंदी चालते. गावातील घडामोडी, यजमानांची ऐट, महागाई, पुढारी, सारे त्याच्या तोंडून निघते. वेद चोरणाऱ्याच्या मुखी प्रेक्षकांची बोली आणि वेद राखणाऱ्यांच्या मुखी पोथीची भाषा, ही वाटणी केवळ विनोदाची सोय नव्हे. किनाऱ्याने चोराला आपल्यातला मानले, त्याला आपली जीभ दिली आणि शेवटी त्याचा वधही मान्य केला.

येथे खेळाडूंना साजेशी कथा करण्याचे पहिले सूत्र हाती येते. संकासुराचा प्रवेश, चोरी आणि वध या तीन गोष्टी बदलत नाहीत. त्यांच्यामधले बोलणे मात्र नटागणिक आणि गावागणिक बदलते. ज्या नटाची जीभ तिखट, त्याचा संकासुर अर्धा तास रंगतो. ज्याचे अंग चपळ, त्याचा संकासुर नाचतो. आणि शेवट ठरलेला आहे म्हणूनच मधले बोलणे निर्भय होऊ शकते. वध निश्चित असलेल्या पात्राच्या तोंडून निघालेली टीका यजमानालाही सोसता येते.

उत्तररंगात हेच सूत्र अधिक व्यापक होते. आख्यान कोणते लावायचे हे कंपनीचा मालक आणि यजमान गाव यांच्या विचाराने ठरते. रंगभूषा चालू असतानाच नटांना आपापल्या भूमिका आणि प्रवेशांचा क्रम सांगितला जातो. संवाद कोणी लिहून देत नाही. हाताशी गाणारा स्त्रीपार्टी नट असेल, तर राणीचा विलाप वाढतो. राजपार्टी नट तलवारीत तरबेज असेल, तर युद्ध लांबते. एखादा नट वादात पटाईत असेल, तर नारदाला जास्तीचा प्रवेश मिळतो. समोरच्याने अनपेक्षित वाक्य टाकले तर त्याला उत्तर द्यावेच लागते. पुराणाचे ज्ञान आणि हजरजबाबीपणा ही येथे पाठांतराची जागा घेतात. नाईक पायपेटीवर बसून पदांनी कथेला वळण देतो आणि भरकटलेला प्रवेश आवरतो. अमेरिकन खेळातील सूत्रधाराचे काम आणि नाईकाचे काम यांतील साम्य स्पष्ट आहे. फरक एवढाच की, तेथे अनिश्चितता फाशांतून येते. येथे ती समोरच्या नटाच्या जिभेतून येते.

मराठी समीक्षेने मात्र या पद्धतीकडे दीर्घकाळ एक पूर्वावस्था म्हणून पाहिले. दशावतारी खेळांचा उल्लेख दासबोधात आहे. कोकणात हा खेळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आडिवऱ्याच्या शामजी नाईक काळे यांनी आणला, असा एक पक्ष मांडला जातो. परंतु नाट्येतिहासाची खरी सुरुवात १८४३ मधील सांगलीच्या ‘सीतास्वयंवरा’पासून धरली जाते आणि त्याआधीचे सारे ‘पार्श्वभूमी’ या प्रकरणात ढकलले जाते. गंमत अशी की, विष्णुदास भावे यांच्या नाटकांतही सूत्रधाराची पदे तेवढी रचलेली होती. पात्रांची भाषणे नटांनी आयत्या वेळी करायची होती. १८८५ साली भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला गेला, तेव्हा पदे ग्रंथात आली आणि भाषणे हवेत राहिली. त्याच्या पाच वर्षे आधी, १८८० मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि लिखित गद्याचा अधिकार स्थापन झाला. समीक्षेने ग्रंथाची बाजू घेतली, कारण ग्रंथ तिच्या हाती होता. जे छापले गेले नाही ते रचले गेले नव्हते, असा तिचा समज झाला.

संकासुराची कथा या समजाला छेद देते. संहिता नसलेला खेळ स्वतःचा आरंभ संहितेच्या चोरीने करतो. वेद पाण्याखाली असतात तेवढा काळच बोलीला मुभा आहे. वेद परत आले की देवांची भाषा परतते. म्हणजे लिखित शब्दाच्या अभावात काय बोलता येते, याचे चिंतन या प्रकाराने आपल्या पूर्वरंगातच मांडून ठेवले आहे. पहाटे दहीकाला होतो आणि जत्रा पांगते; पण त्या रात्री काय बोलले गेले याची प्रत कोणाकडेही उरत नाही.

या सूत्राची कसोटी समुद्रापासून दूर घेऊन पाहता येईल. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका घाटमाथ्यावर आहे. ताम्हिणी घाट उतरला की रायगड जिल्हा लागतो, आणि तेथून दक्षिणेकडे शिमग्यात सोंग घेऊन दारोदार नाचणाऱ्या संकासुराचा मुलूख जवळ येतो. मुळशीत समुद्र नाही, पण पाणी आहे आणि त्या पाण्याखाली गावे आहेत. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला येथे सत्याग्रह सुरू झाला; सेनापती बापट त्याचे नेते झाले आणि १९२४ पर्यंत तो लढा चालून मोडला. मुळा खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन बाधित झाली. अडवलेले पाणी घाटाखाली कोकणात भिरा येथे सोडून १९२७ पासून वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईकडे गेली.

अशा ठिकाणी कोणी सूत्रधार सागरी चोराची कथा घेऊन घाट चढला, तर खेळाडूंना साजेशी करण्यासाठी त्याने काय बदलावे? गलबताऐवजी होडी आणि बेटाऐवजी डोंगर घालणे हा सोपा मार्ग आहे आणि तो फसवा आहे. ज्यांच्या पणज्यांची शेते तळ्यात गेली, त्यांच्यासाठी ‘पाण्याखाली नेलेली वस्तू’ या शब्दांचा अर्थ आधीच ठरलेला आहे. तेथे वेदाच्या जागी जमिनीचा कागद येईल. आणि चोर कोण, हे सूत्रधाराने सांगण्याची गरजच उरणार नाही. कदाचित संकासुराचा वेष कोणी घ्यावा यावरच खेळाडूंचे एकमत होणार नाही. तो वाद मिटवणे हे सूत्रधाराचे काम नव्हे. त्या वादाला प्रवेश नेमून देणे हे त्याचे काम. शेवटाचे मात्र त्याला जपावे लागेल : संकासुराच्या कथेत वेद परत येतात, मुळशीची गावे पाण्यावर आलेली नाहीत. जेथे इतिहासाने परतफेड केली नाही, तेथे कथेतील परतफेड टिकवायची की मोडायची, हा निर्णय खेळणाऱ्यांखेरीज अन्य कोणी घेऊ शकत नाही.

कथा खेळाडूंना साजेशी करणे याचा खरा अर्थ येथे लागतो. कथेचा सांगाडा पक्का ठेवायचा आणि तिच्यातील अपराध कोणता, अपराधी कोण, हे ठरवण्याचा अधिकार खेळणाऱ्यांकडे सोपवायचा, अशी ही व्यवस्था आहे. दशावताराने ती सांभाळली, कारण त्याला प्रत्येक रात्री नव्या गावापुढे उभे राहायचे होते. आज हाच दशावतार ध्वनिचित्रफितींवर साठवला जातो, स्पर्धेच्या ठरल्या वेळेत बसवला जातो आणि यंत्रयोजनेच्या चमत्कृतीपूर्ण ‘ट्रिकसीन’ प्रयोगांत संवाद आधी बांधून घ्यावे लागतात. त्याने कलेचे जतन होते हे खरे. परंतु एका गावी एका रात्री बोलला गेलेला संकासुर सर्व गावांसाठी कायम झाला, तर दुसऱ्या गावाने त्याला आपली जीभ कशी द्यावी? अभ्यासकांपुढील काम म्हणून संहिता तयार करण्यापुरते मर्यादित नाही. कोणत्या नटाने, कोणत्या गावी, कोणासमोर काय बदलले याच्या नोंदी गोळा करणे अधिक निकडीचे आहे. अशा नोंदी नसतील, तर किनाऱ्याच्या चोराविषयी पुढल्या पिढीच्या हाती पुन्हा दप्तराचेच मत उरेल.