मणक्यातली भूल आणि रक्तदाबाचा अंदाज

ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर यांनी कण्यातल्या पाण्यात कोकेन सोडून घोट्याची शस्त्रक्रिया वेदनेविना पार पाडली. मग त्यांनी ही भूल स्वतःवरही आजमावून पाहिली आणि पुढचे कित्येक दिवस डोकेदुखीने अंथरुणात काढले. दंडाला बांधून रक्तदाब मोजायचा पट्टा इटलीत रिवा-रोची यांनी १८९६ मध्येच तयार केला होता, पण शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत तो अजून पोचायचा होता. तो रुळला तसे या भुलीचे खरे दुखणे आकड्यांत दिसू लागले. औषध वेदनेच्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर करते. वाहिन्या सैलावतात, रक्त पायांत आणि पोटात साचते, हृदयाकडे कमी परतते आणि रक्तदाब उतरतो.

कारण उमगले, तरी पुढे बराच काळ प्रश्न विचारला गेला तो उपायाचा: दाब सावरायचा कसा? १९२७ मध्ये ऑकरब्लॅड आणि डिलन यांनी त्यासाठी इफेड्रिन वापरले. १९६८ मध्ये वोलमन आणि मार्क्स यांनी सिझेरियनआधी शिरेतून भरपूर द्रव देण्याचा मार्ग दाखवला, आणि सरसकट प्रत्येकीला आधी सलाइन लावण्याची रीतच पडली. १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या राऊट आणि सहकाऱ्यांनी ती तपासली, तेव्हा द्रव मिळालेल्या बायकांतही निम्म्याहून अधिक जणींचा रक्तदाब उतरलेला आढळला. मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच वाटतो, कारण त्याने ‘दाब उतरण्याचा धोका कोणाला?’ हा राहून गेलेला प्रश्न पुढे आणला.

सोनोग्राफी त्याच प्रश्नाकडे वळते. छातीच्या हाडाखाली प्रोब टेकवला की हृदयाकडे जाणारी अधोमहाशीर दिसते. श्वास घेताना ती फार मिटत असेल, तर भूल दिल्यावर दाब उतरण्याची शक्यता अधिक, असा तर्क. यावरचे आक्षेप वजनदार आहेत. रुग्ण स्वतः श्वास घेत असतो; खोल श्वासाने चांगली भरलेली शीरही मिटते. दिवस भरलेल्या गर्भाशयाखाली ती मुळातच दबलेली असते. निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्षही जुळत नाहीत. शिवाय सिझेरियनमध्ये वाहिन्या आवळणारे फिनिलेफ्रिनसारखे औषध सुरुवातीपासूनच चालू ठेवता येत असेल, तर अंदाज हवाच कशाला? प्रसूतीपुरता हा युक्तिवाद मला पटतो. पण मांडीचे हाड मोडलेल्या, हृदय थकलेल्या वृद्धाचे गणित वेगळे आहे. तिथे सरसकट दिलेले सलाइन फुप्फुसांत पाणी साचवू शकते. भरलेली, श्वासागणिक जेमतेम हलणारी शीर दिसली, तर भूलतज्ज्ञ द्रवाचा हात आखडता घेतो आणि वाहिन्या आवळणारे औषध आधीच भरून ठेवतो.