तळ्यांचे रतनपूर आणि बिंबाजी भोसले

सिलतऱ्याच्या कारखान्यांची धुरांडी मागे टाकून आपण बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेस निघालो, की बिलासपूरपुढे सुमारे २५ किलोमीटरवर रतनपूर लागते. आज लहानसे भासणारे हे गाव कित्येक शतके छत्तीसगडच्या राजसत्तेचे केंद्र होते. मराठी माणसाचे या प्रदेशाशी राजकीय नाते जुळले, तेही येथेच.

कलचुरी राजा पहिला रत्नदेव याने अकराव्या शतकात हे नगर वसविले. टेकड्यांच्या कुशीत पावसाचे पाणी साठविणारी असंख्य तळी हे त्याचे खरे वैभव. दुलहरा, बैरागबन अशी त्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत.

सन १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर येथे चालून आला. वृद्ध राजा रघुनाथसिंह पुत्रशोकात बुडालेला होता. त्याने प्रतिकार केला नाही. नगरावर एक लाख रुपयांचा दंड बसला. मराठ्यांचे हे प्रथमदर्शन रतनपूरकरांस सुखावह वाटले असेल, असे आपणांस म्हणता येणार नाही.

परंतु पुढे रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी छत्तीसगडचे अधिपती झाले आणि चित्र पालटले. १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे तीस वर्षे त्यांनी रतनपुरातच वास्तव्य केले. टेकडीवर त्यांनी राममंदिर उभारले. ते ठिकाण रामटेकरी म्हणून ओळखले जाते. हे नाव ऐकताच नागपूरकडच्या कोणाला आपले रामटेक आठवणार नाही? दसऱ्याला सोने वाटण्याची चालही त्यांनीच येथे रुजविली, असे सांगतात.

त्यांच्या पश्चात व्यंकोजी भोसल्यांनी नागपुरात राहून सुभेदारांकरवी कारभार चालविला. वसुली होत राहिली. धनी मात्र दूर राहिला. १७९५ मध्ये आलेल्या कॅप्टन ब्लंट या इंग्रज प्रवाशास येथे सुमारे हजार झोपड्यांचे विस्कळीत गाव दिसले, आणि त्यांतीलही अनेक झोपड्या ओस पडल्या होत्या. १८१८ मध्ये इंग्रज देखरेखीखाली कारभाराचे ठाणे रायपुरास हलले आणि रतनपूर मागे पडले.

तरीही प्रवाशाने येथे एक दिवस अवश्य काढावा. महामायेचे प्राचीन मंदिर, नवरात्रात तेथे उजळणारे ज्योतिकलश, जुन्या किल्ल्याचे कोरीव दगड, रामटेकरीवरून दिसणारी तळी आणि जवळचा खुटाघाटचा विस्तीर्ण जलाशय हे सारे डोळे निववणारे आहे.

आपणांपैकी बहुतेकजण नोकरी-व्यवसायानिमित्त या भूमीत आलो आणि येथलेच झालो. रतनपूरचा इतिहास आपणांस एवढेच सांगतो, की स्वारी करून गेलेल्यांची येथे केवळ नोंद उरली, दुरून वसुली करणाऱ्यांची तीही पुसट झाली. जो येथे राहिला, त्याच्या मंदिरात मात्र अजून दिवा लागतो.