पशुखाद्याचं रिकामं पोतं: फेकू नका, जाळू नका आणि उन्हात ठेवू नका

गोठ्यात दोन गाई असतील आणि त्यांना मिळून दिवसाला १० किलो खुराक लागत असेल, तर ५० किलोचं पोतं पाच दिवसांत रिकामं होतं. म्हणजे वर्षाला ७३ पोती. तळेगाव दाभाडेच्या एका बाजूला कारखाने आणि नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी आजूबाजूच्या मावळातल्या गावांत गोठे, शेळ्या आणि कोंबड्या आहेतच. मग या पोत्यांचं करायचं काय?

पोतं कशाचं असतं?

पूर्वी पोतं म्हणजे तागाचं गोणपाट. भातलावणीच्या वेळी त्याचा एक कोपरा दुसऱ्यात दुमडून डोक्यावर घेतला की पावसासाठी खोळ तयार. फाटलं की ते उकिरड्यावर जायचं आणि कुजून माती व्हायचं.

आताचं पोतं पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या विणून बनवतात. ते हलकं आणि मजबूत असतं, पाण्यात कुजत नाही. पण त्याचा एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी साधं पोतं काही महिन्यांतच ठिसूळ होतं आणि त्याचे धागे सुटू लागतात. हे धागे चाऱ्यात गेले तर जनावराच्या पोटात साठतात, शेतात पडले तर मातीत तसेच राहतात. म्हणून पोत्याचा उपयोग ठरवताना पहिला प्रश्न विचारायचा: तिथे ऊन किती लागेल?

कुठे वापरता येईल?

१. पावसाळ्याचा पडदा: पोती उसवून एकमेकांना शिवली की गोठ्याच्या किंवा खुराड्याच्या पावसाकडच्या बाजूला पडदा लावता येतो. मावळातल्या झोडपणाऱ्या पावसात तो चांगला टिकतो, कारण तेव्हा ऊन कमीच असतं. वरची बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. शेळ्या पडदा कुरतडतात, त्यामुळे तो त्यांच्या तोंडाला लागणार नाही असा बांधावा. पाऊस संपला की काढून, वाळवून, घडी घालून ठेवावा.

२. हळद, आलं, सुरण: पोत्याला तळाशी आणि बाजूला भोकं पाडावीत. तोंड बाहेरून दुमडून उंची निम्मी करावी. आत माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा भरावा. हळद आणि आलं अर्धवट सावलीतही येतं. त्यामुळे भिंतीलगत किंवा झाडाखाली पोती ठेवली तर पीकही येतं आणि पोतंही टिकतं. सोसायटीच्या गच्चीवरही हे करता येईल. मात्र एका हंगामानंतर पोतं तपासायलाच हवं.

३. अझोलाचा वाफा: जनावरांसाठी अझोला वाढवताना खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्याखाली रिकामी पोती घातली, तर झाडाची मुळं किंवा खडे लागून कागद फाटत नाही. पोती कायम झाकलेली राहत असल्यामुळे त्यांना ऊन लागत नाही.

४. वनराई बंधारा: पावसाळा संपताना ओढ्यात माती किंवा वाळू भरलेली पोती रचून पाणी अडवण्याची ही पद्धत राज्यभर वापरली जाते. तिला नाव मिळालं ते मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे. विटांचे सांधे चुकवतात तशी पोती रचायची आणि फटींत माती भरायची. बंधाऱ्याच्या मागे साठलेलं पाणी जमिनीत मुरतं, जवळच्या विहिरींना आणि जनावरांना उपयोगी पडतं. सिमेंट आणि खतांच्या पोत्यांइतकीच पशुखाद्याची पोतीही इथे चालतात.

यात एक काम मात्र हमखास राहून जातं. बंधाऱ्याची वरची पोती उन्हाळाभर तापतात. पहिल्या पुरात ती फाटली की प्लॅस्टिक थेट नदीत जातं. हे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं असल्याने लांबवर वाहत जातं. मावळातल्या ओढ्यांचं पाणी शेवटी पवना आणि इंद्रायणीला मिळतं. म्हणून मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी ही पोती काढून घेणं हा बंधारा बांधण्याच्या कामाचाच भाग समजावा.

कुठे वापरू नये?

- खाण्याचं धान्य: इंद्रायणी तांदूळ किंवा इतर धान्य भरायला स्वच्छ, नवी पोती वापरणंच सुरक्षित. खत किंवा कीटकनाशक लावलेल्या बियाण्याचं पोतं तर अजिबात नको.
- मुरघास: मुरघासाला हवाबंद जागा लागते. विणलेल्या पोत्यातून हवा आत जाते. आत प्लॅस्टिकची अखंड पिशवी नसेल तर चारा सडतो.
- दुसऱ्याच्या पोल्ट्रीत: पोत्याबरोबर रोगाचे जंतूही जातात. एका शेडमधली पोती दुसऱ्या शेडमध्ये नेऊ नयेत.
- ओलसर, बुरशी आलेलं पोतं: त्यात पुन्हा खाद्य भरू नये. बुरशीचं विष जनावराला बाधतं.

वापरण्याआधी

पोत्याचं तोंड कापू नये. शिलाईचा योग्य टोकाकडचा दोरा ओढला की ती एका झटक्यात उसवते आणि पोतं अखंड राहतं. तो दोरा गोठ्यात पडू देऊ नये, गुंडाळून ठेवावा. पोतं उलटं करून झटकावं, धुवावं, सावलीत वाळवावं. तळाशी उरलेला भुसा तसाच राहिला तर उंदीर येतात.

पोतं कधी बाद करायचं?

कापड चिमटीत धरून ओढावं. तुकडे पडले किंवा हाताला भुकटी लागली, तर ते पोतं संपलं. पण थांबायचं त्याआधीच, म्हणजे कडेचे धागे सुटू लागले की. अखंड, स्वच्छ पोती भंगारवाल्याकडे देता येतात. भुगा झालेलं पोतं कुणीच घेत नाही.

जाळणं हा पर्याय नाही. त्याचा धूर घातक असतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरवला. मोठ्या प्रमाणात कचरा जाळल्यास हा दंड २५,००० रुपये आहे.

गोणपाट विसरलं तरी चालायचं, माती त्याची विल्हेवाट लावायची. प्लॅस्टिकच्या पोत्याचा हिशोब मात्र ज्याने ते आणलं त्यालाच ठेवावा लागतो. वर्षाला ७३ आली, तर ७३ कुठे गेली हे सांगता आलं पाहिजे.