प्रक्षेपणातील अपयश आणि त्याचे निवेदन

अग्निबाणाचे उड्डाण फसले, की त्याचे दोन इतिहास निर्माण होतात. पहिला यंत्राचा, तो चौकशीच्या अहवालात यथावकाश नोंदला जातो. दुसरा निवेदनाचा; तो अपघातानंतर काही तासांत, कारणाचा पुरता उलगडा होण्यापूर्वीच, लोकांसमोर उच्चारल्या गेलेल्या वाक्यांत साठलेला असतो. अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः पहिल्याकडे जाते. तथापि प्रक्षेपणाचे कार्य शासकीय संस्थांबरोबर खाजगी कंपन्याही करू लागल्या असता दुसऱ्या इतिहासाची उपेक्षा करणे योग्य होणार नाही.

अशा निवेदनाचे मर्म कर्त्याच्या निवडीत असते. ‘झडप बिघडली’, ‘झडप तपासली गेली नाही’ आणि ‘अमक्याने झडप तपासली नाही’ ही तिन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. पहिल्यात दोष वस्तूकडे जातो, दुसऱ्यात कर्ता अध्याहृत राहतो, तिसऱ्यात दोष एका माणसाच्या माथी येतो. व्याकरणदृष्ट्या तिन्ही निर्दोष आहेत. न्यायाच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे.

भारतातील या इतिहासाचे एक ठळक उदाहरण १० ऑगस्ट १९७९ चे. त्या दिवशी श्रीहरिकोटा येथून सोडलेला पहिला भारतीय उपग्रह-प्रक्षेपक, एसएलव्ही-३, बंगालच्या उपसागरात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत आम्लाची गळती झाली होती. संगणकाने उड्डाण थांबविण्याची सूचना दिली असताही ती बाजूला सारण्याचा निर्णय आपला होता, असे प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनी पुढे स्वतःच सांगितले. म्हणजे बोट दाखविण्यासारखा कर्ता उपलब्ध होता. परंतु वार्ताहरांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि त्यांनी अपयशाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचविला, तेव्हा मात्र वार्ताहरांशी बोलण्यास धवन यांनी कलामांना पुढे केले. अपयशात वरिष्ठाने कर्ता व्हावे आणि यशात कनिष्ठास कर्ता करावे, असा हा संकेत होय.

या कार्यात महाराष्ट्राचा वाटा लहान नव्हता. घन इंधनाच्या विकासात वसंत गोवारीकर यांचे कार्य सुप्रसिद्ध आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे घडविली, तर विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात विकास इंजिने तयार झाली. म्हणजे खाजगी उद्योग प्रक्षेपणात पूर्वीपासूनच होता. तो घडवीत होता. बोलत मात्र नव्हता. निवेदनाचा अधिकार आणि त्याबरोबर येणारे उत्तरदायित्व ही दोन्ही शासकीय संस्थेकडे होती. नव्या खाजगी कंपन्यांनी घडविणे आणि बोलणे एकत्र आणले, आणि येथेच प्रश्न बिकट झाला. कारण कंपनीचे श्रोते केवळ नागरिक नसतात, भांडवल पुरविणारे आणि उपग्रह सोपविणारेही असतात.

हा बिकटपणा स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीच्या पहिल्याच उड्डाणात दिसून आला. मार्च २००६ मध्ये प्रशांत महासागरातील ओमेलेक या प्रवाळबेटावरून सोडलेला ‘फाल्कन-१’ इंधनाच्या गळतीने पेटला व बेटाजवळच कोसळला. त्याच्यावरील उपग्रह तर बेटावरील एका शेडचे छप्पर फोडून आत पडला. कंपनीचे संस्थापक इलॉन मस्क यांच्या आरंभीच्या निवेदनात दोष तंत्रज्ञाकडे गेला: आदल्या दिवशीच्या कामात एक जोड नीट बसविला गेला नव्हता, असे त्याचे तात्पर्य होते. पुढील चौकशीत निराळेच निष्पन्न झाले. ॲल्युमिनियमचा एक लहानसा नट समुद्रावरील खाऱ्या, दमट हवेने आतून कुरतडला जाऊन तडकला होता. रायगड किनाऱ्यावरील काशीदसारख्या गावी हे अनुमान करण्यास तज्ज्ञ लागला नसता. खिडक्यांचे गज आणि होड्यांचे खिळे खारी हवा कसे खाते, हे तेथे नित्य दिसते. कंपनीने पुढील अग्निबाणात पोलादी नट वापरले. यंत्रातील दोष अशा रीतीने दूर झाला. पण तंत्रज्ञांवरील ठपका चौकशीपूर्वीच जगभर पोहोचला होता, आणि दुरुस्ती मूळ वार्तेइतकी दूर क्वचितच जाते.

त्यानंतर २००७ मध्ये आणि ऑगस्ट २००८ मध्ये आणखी दोन उड्डाणे फसली; २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे सफल झाले. पुढे २० एप्रिल २०२३ रोजी याच कंपनीचा ‘स्टारशिप’ आकाशात फुटला, तेव्हा निवेदनात अभियंत्यांच्या जुन्या थट्टेतील शब्द योजला गेला. त्याचा अर्थ ‘अनियोजित शीघ्र विघटन’ असा होतो. येथे कर्ताच नव्हे, क्रियापदही नामात विरघळले आहे. पोर्ट इझाबेल या जवळच्या गावावर त्या दिवशी जी वाळू आणि धूळ पडली, तिला या शब्दात जागा नाही.

भारतातील खाजगी उड्डाणांची परंपरा अद्याप बाल्यावस्थेत आहे. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘विक्रम-एस’ सोडला. मोहिमेस ‘प्रारंभ’ हे नाव देऊन निवेदनाचा सूर आधीच ठरविला गेला होता. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचा मार्ग अधिक खडतर ठरला. मराठीत रॉकेटास जो प्रतिशब्द दीर्घकाळ रूढ होता, तोच ‘अग्निबाण’ या नावाने तिच्या यानास लाभला. चार वेळा स्थगित झालेले त्याचे उड्डाण ३० मे २०२४ रोजी पार पडले; पण त्या दिवशी थेट प्रक्षेपण दाखविले गेले नाही आणि निमंत्रितही मोजकेच होते. यश मिळाल्यावर ते जाहीर झाले. वस्तुतः शेवटच्या क्षणी उड्डाण रोखणे हे सावधगिरीचे लक्षण होय. परंतु ‘स्थगिती’ आणि ‘अपयश’ यांतील भेद लोकांस समजावून दिला गेला नाही, तर सावधगिरीचीच लाज वाटू लागते आणि मौन सोयीचे ठरते.

सारांश, प्रक्षेपणाच्या इतिहासलेखनात प्रत्येक निवेदनाची तारीख नोंदून पहिल्या निवेदनाची चौकशीच्या निष्कर्षाशी तुलना होणे अवश्य आहे. मराठी वृत्तपत्रांत ‘बिघाड’, ‘स्थगित’, ‘अंशतः यशस्वी’ हे शब्द केव्हा आणि कोणाच्या सोयीने आले, हा संशोधनास योग्य असा विषय आहे. कारण ज्ञात होण्यापूर्वी कर्ता नेमून टाकणारे वाक्य, आणि कारण ज्ञात झाल्यावरही कर्ता लपविणारे वाक्य, या दोहोंची किंमत बहुधा अशा माणसास द्यावी लागते, ज्याला निवेदन करण्याचा अधिकार कधीच नव्हता.