स्टिअरिंगचा दांडा

मंडळी, आज जरा वेगळा विषय. इतिहासाच्या निवृत्त बाईंनी मोटारीवर लिहावं याची काहींना गंमत वाटेल. पण सनावळ्या काय फक्त लढायांनाच असतात? मोटारीच्या स्टिअरिंगच्या दांड्यालाही त्या आहेत, आणि त्यातही माणसांच्या जिवाचा हिशेब आहे.

निमित्त झालं ते दादाच्या गाडीचं. 1971 सालची फियाट 1100. दादा गेल्यावर ती बरीच वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. भाच्याने यंदा ती चालती करायला घेतली. इंजिन सुरू झालं, पण स्टिअरिंगचं चाक बरंच फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलायची नाहीत. याला गॅरेजात 'प्ले' म्हणतात. शिवाय हँड गिअर सैल झालेला, दुसरा टाकायला जावं तर भलतीकडेच अडकायचा.

मिस्त्री जुने, सावकाश काम करणारे. त्यांनी मधला नट सोडला, पुलर लावून चाक अलगद वर ओढून घेतलं आणि आतला दांडा मोकळा केला. वरचा बुश झिजून गेला होता, ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं. बुश नवे बसवले, गिअरच्या दांड्यांच्या जोडांचेही बदलले, स्टिअरिंग बॉक्समधला प्ले जुळवला, तेल भरलं. भाच्याने मला सगळ्याचे फोटो पाठवले. एका फोटोत तो दांडा फरशीवर ठेवलेला होता. सरळ, भरीव, लांबलचक. तो बघून मी बराच वेळ गप्प बसले. का, ते सांगते.

अगदी पहिल्या मोटारींना गोल चाक नव्हतंच. होडीच्या सुकाणूला असतो तसा एक दांडा असायचा, तो डावीउजवीकडे ढकलायचा. 1894 साली पॅरिस ते रुआं ही मोटारींची शर्यत झाली. तिच्यात वाशेरॉन नावाच्या स्पर्धकाने आपल्या पानार गाडीला गोल चाक लावलं होतं. वेग वाढला तसा दांडा हाताला आवरेना, आणि काही वर्षांतच चाक सर्वत्र आलं. चाक आलं म्हणजे ते खाली यंत्रापर्यंत जोडणारा लोखंडी दांडाही आला.

पुढे 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गिअरची मूठही जमिनीवरून उचलून या दांड्याच्या कडेला आणली गेली. पायाशी जागा मोकळी झाली, पुढच्या सीटवर तिघं बसू लागले. इटलीत 1953 साली आलेल्या नव्या फियाट 1100 लाही हीच सोय होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतली. पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी म्हणून दोन-तीन पिढ्यांना ती घरच्यासारखी झाली. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा कितीतरी जण हळहळले. मीही.

पण त्या काळच्या बहुतेक गाड्यांत, मग त्या कुठल्याही कंपनीच्या असोत, एक गोष्ट सारखी होती. समोरून धडक बसली की गाडीचं तोंड मागे दबायचं, त्याबरोबर हा सरळ दांडा भाल्यासारखा मागे यायचा, आणि समोर ड्रायव्हरची छाती. आमचा एक चुलतभाऊ 1979 साली कसारा घाटात असाच गेला. बाहेरून फारसं लागलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंगचा मार. घरात मात्र सगळे म्हणाले, नशीब.

नशीब? त्याच्या बारा वर्षं आधी, 1967 च्या मॉडेलपासून, जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांत दबणारा दांडा आणला होता. बाहेरची नळी जाळीदार, धक्का बसला की ती चुरगळते आणि आघात स्वतः पिऊन टाकते. 1 जानेवारी 1968 पासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींना तसा कायदाच लागू झाला. 1981 साली तिथल्या सरकारी अभ्यासाने हिशेब मांडला: या एका सुधारणेने वर्षाला सुमारे 1300 जीव वाचतात. विद्या जगात होती, आमच्या घाटापर्यंत आली नव्हती. याला मी नशीब म्हणणार नाही.

यातली एक बाब मला फार शिकवून गेली. त्या नव्या दांड्यांत प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्या असतात. धडकेत त्या तुटाव्यात म्हणूनच बसवलेल्या. म्हणून तसला दांडा उघडताना टोकावर हातोडी मारायची नाही, अशी सक्त सूचना असते. एका ठोक्याने खुंट्या तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, गाडीही बरी चालते, पण वेळेला आधार मिळेलच असं नाही. दादाच्या गाडीचा दांडा हातोडी सोसेल. म्हणजे जो ठोके सोसतो तो माणसाला सोसत नाही, आणि जो माणसाला सांभाळतो त्याला आपण सांभाळावं लागतं. असो.

भाच्याला म्हटलं, दांडा मूळचाच राहू दे. दादाचे हात त्या चाकावर फिरले आहेत. पण तो काय करू शकतो हे माहीत असू दे. पुढच्या दोन्ही सीटना खांद्यावरून येणारे पट्टे बसव, आणि पट्टे नुसत्या पातळ पत्र्याला अडकवू नकोस, आतून जाड पट्टी वेल्ड करून घे. एक्स्प्रेसवेचा मोह नको. गावात, पन्नासच्या आत, रविवारी सकाळी. पट्टा तो दांडा मऊ करणार नाही, पण छाती त्याच्यापासून मागे धरून ठेवायला मदत करेल.

तो म्हणाला, "आत्या, पट्टे लावले तर गाडी अस्सल दिसणार नाही." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या त्या काकाचा फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे, तो अगदी अस्सल दिसतो.

काल त्याचा निरोप आला. वेल्डिंगवाल्याकडे गुरुवारी गाडी नेतोय म्हणून.