पिवळ्या पायांची कुळकथा

गावरान कोंबड्यांच्या एकाच खुराड्यात पायांचे चार रंग सहज सापडतात: पांढरट, पिवळा, निळसर करडा आणि हिरवट. हे रंग कातडीच्या दोन थरांतून घडतात. मक्यातून, हिरव्या पाल्यातून मिळणारी कॅरोटिनॉइडे वरच्या थरात साठली तर पाय पिवळा दिसतो, नाही तर पांढरट. खालच्या थरात मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य असेल तर पांढऱ्या कातडीखालून ते निळसर करडे दिसते आणि पिवळ्या कातडीखालून हिरवट. पिवळ्या पायांची तलंग अंड्यावर आली की कॅरोटिनॉइडे बलकाकडे वळतात. आधी चोच फिकी पडते, नंतर पाय. अंडी थांबली की रंग पुन्हा चढतो. कोंबडीपालक यावरूनच चांगली अंडी देणारी कोंबडी हेरतात.

कोंबडीच्या वंशावळीचा सर्वांत मोठा फेरविचार या पिवळ्या रंगामुळे करावा लागला.

पाळीव कोंबडीचा एकमेव पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, हे मत डार्विनने 1868 मध्ये ठामपणे मांडले. 1994 मध्ये जपानी संशोधकांनी मायटोकाँड्रियातील डीएनए तपासून थायलंडच्या परिसराकडे बोट दाखवले. 2020 मध्ये शेकडो जनुकसंच तुलनेला घेतले गेले आणि मुख्य पूर्वज म्हणून तांबड्या रानकोंबड्याची नैर्ऋत्य चीन, म्यानमार आणि उत्तर थायलंड भागातील उपजात पुढे आली. मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथे मिळालेली, इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 या काळातील हाडे आज निश्चित पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी मानली जातात.

या सरळ कथेत एक अडचण होती. तांबड्या रानकोंबड्याचे पाय करडे असतात, पिवळे नव्हेत. 2008 मध्ये स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात या फरकाचे कारण सापडले. बीसीडीओ2 हे जनुक कॅरोटिनॉइडांचे विघटन करणारे विकर तयार करते. पांढऱ्या कातडीत ते चालू असते, म्हणून रंग साठत नाही. पिवळ्या कातडीत ते फक्त कातडीपुरते बंद असते. बाकी शरीरात त्याचे काम चालूच राहते. पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांमधील या जनुकाचा क्रम तांबड्या रानकोंबड्याशी जुळला नाही. तो जुळला राखी रानकोंबड्याशी. दख्खनच्या आणि सह्याद्रीच्या जंगलात राहणारा, मानेच्या पिसांवर मेणासारखे पिवळसर ठिपके असलेला हा पक्षी फक्त भारतात आढळतो. जगभरच्या पोल्ट्रीतील लेगहॉर्नच्या पिवळ्या पायात या पक्ष्याचा वारसा आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की देवाणघेवाण उलटीही झाली असेल. पाळीव कोंबड्या जंगलात शिरल्या आणि त्यांच्याकडूनच राखी रानकोंबड्याला पिवळा रंग मिळाला. हा आक्षेप टिकत नाही. पिवळे रूप मूळचे पाळीव कोंबडीत उपजले असते, तर त्याचा क्रम तांबड्या रानकोंबड्याच्या क्रमाच्या अगदी जवळचा असता. प्रत्यक्षात या दोन रूपांतील अंतर दोन वेगळ्या जातींमध्ये असावे एवढे आहे. दुसरा आक्षेप असा, की दावेदार श्रीलंकेचा रानकोंबडाही असू शकतो. पण क्रमाची जवळीक राखी रानकोंबड्याशी अधिक आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मायटोकाँड्रियाच्या अभ्यासात या संकराची खूण का उमटली नाही? उत्तर वारशाच्या रीतीत आहे. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. जंगलातला राखी कोंबडा वस्तीच्या कडेला चरणाऱ्या गावठी कोंबडीशी जुगला, तर पिल्लांत बापाची जनुके येतात, पण मायटोकाँड्रिया आईचाच राहतो. शिवाय आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॅल्डेन यांनी 1922 मध्ये मांडलेल्या नियमानुसार पक्ष्यांच्या दोन जातींच्या संकरात वांझपणा माद्यांच्या वाट्याला अधिक येतो. म्हणजे हा रंग बापाकडून आला आणि संकरित नरांमार्फत गावच्या कळपांत पसरला, हेच सर्वांत संभवनीय.

हे कुठे घडले असावे? पूर्वेकडून आलेली पाळीव कोंबडी आणि राखी रानकोंबडा यांची गाठ भारतीय द्वीपकल्पातच पडू शकते, तेव्हा घटनास्थळ दख्खन किंवा दक्षिण भारतातील शेतवस्त्यांच्या कडेचे रान, असे मानायला हरकत नाही. युरोपात मात्र हा रंग फार उशिरा रुळला. इसवी सनापूर्वी सुमारे 280 पासून 18व्या शतकापर्यंतच्या युरोपीय कोंबड्यांच्या हाडांचा डीएनए 2014 मध्ये तपासला गेला, तेव्हा पिवळ्या कातडीचे रूप तिथे क्वचितच आढळले. पुढे 19व्या शतकात आशियातून मोठ्या बांध्याच्या कोंबड्या युरोप-अमेरिकेत गेल्या आणि पिवळ्या पायांची आवड वाढली. या रंगाचा जगभर झालेला प्रसार मुख्यतः याच काळातला असावा.

गावरान कोंबडीच्या संवर्धनाची दिशा या कुळकथेतून स्पष्ट होते. कोंबडीची जनुकीय विविधता एका ठिकाणी, एकदाच घडलेली नाही. मोकळ्या चरणाऱ्या कळपांत ती स्थानिक रानातूनही येत राहिली. व्यापारी पैदाशीत नेमकी हीच वाट बंद होते. 2008 मधील आणखी एका अभ्यासानुसार व्यापारी वाणांच्या शुद्ध ओळींत मूळ विविधतेपैकी निम्मी किंवा त्याहूनही अधिक उरलेली नाही. खुडूक बसून स्वतः अंडी उबवणे हा गुण अंड्यांसाठी पैदास केलेल्या वाणांतून जवळजवळ नाहीसा झाला. गावरान कोंबडीत तो शाबूत आहे. परंतु गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींचे नर गावोगाव सोडले जातात, तसा प्रत्येक भागाचा खास वारसा पातळ होत जातो.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने असील, कडकनाथ, अंकलेश्वर, तसेच महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यातील बुसरा अशा देशी जाती नोंदवल्या आहेत. नोंदीमुळे जातीला ओळख मिळते, पण नोंद न झालेले साधे गावठी कळप त्याबाहेरच राहतात. वीर्य गोठवून ठेवणे हा पूरक उपाय आहे, पण तोही अपुरा. पक्ष्यांत फक्त मादीत असणारे डब्ल्यू गुणसूत्र आणि मायटोकाँड्रिया केवळ मादीकडून येतात आणि बलकाने भरलेले अंडे गोठवून साठवता येत नाही. भ्रूणातील आद्य जननपेशी गोठवण्याचे तंत्र ही उणीव भरून काढू शकते, मात्र त्याला सुसज्ज प्रयोगशाळा लागते. म्हणून जिवंत कळप राखणे हाच संवर्धनाचा पाया ठरतो: स्थानिक कोंबड्यांतूनच नर निवडणे, शेजारच्या गावांशी नरांची अदलाबदल करून जवळच्या नात्यातली पैदास टाळणे, आणि मानमोडी रोगावर वेळेत लस टोचून एका साथीत सगळा कळप जाण्याचा धोका कमी करणे.

राखी रानकोंबडाही या संवर्धनाचाच भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीवर बंदी आहे, पण त्याचे रान राखले नाही तर बंदी पुरत नाही. शिवाय पाळीव कोंबड्यांशी अनिर्बंध संकर झाला तर त्याचा स्वतःचा शुद्ध वारसा विरघळेल. गावातला कळप आणि रानातला पक्षी, दोन्ही आपापल्या जागी टिकले तरच कोंबडीच्या विविधतेचे हे दोन्ही उगम शाबूत राहतील.