प्रतिपिंडाचं मोल

अंबरनाथ म्हटलं की शिलाहारांचं शिवमंदिर आठवतं. मला त्याच्या जोडीनं आठवते ती आनंदनगरची औद्योगिक वसाहत. तिथं भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्सचा कारखाना आहे. सर्पदंशावरचं प्रतिविष आणि आरएच निगेटिव्ह मातांना देतात ते अँटी-डी ही या कंपनीची औषधं. दोन्हींचा गाभा एकच : प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. २०२४ मध्ये मॅनकाइंड फार्मानं ही कंपनी १३,६०० कोटींहून अधिक रुपये मोजून घेतली. प्रतिपिंडाला एवढं मोल आलं कुठून?

विषाची अल्प मात्रा घोड्याला टोचायची आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी काढायची, ही जुनी रीत. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी तिचा पाया घातला. पण घोड्याच्या रक्तात नाना प्रतिपिंडांची सरमिसळ असते. कर्करोगाच्या पेशीवरची नेमकी खूण ओळखायला एकाच साच्यातलं प्रतिपिंड हवं. ते १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी साधलं. गंमत म्हणजे, त्या शोधाचं पेटंटच घेतलं गेलं नाही!

पैसा मिळाला तो पुढच्या पायऱ्यांवर. आयडेक या छोट्या अमेरिकी कंपनीनं लसिकापेशींच्या कर्करोगावर रिटुक्सिमॅब तयार केलं. पण चाचण्या, उत्पादन, विक्री यांचा खर्च अफाट. म्हणून १९९५ मध्ये तिनं जेनेनटेकशी हातमिळवणी केली. १९९७ मध्ये परवानगी मिळाली आणि अमेरिकेतला नफा दोघींनी वाटून घेतला. प्रोटीन डिझाइन लॅब्जची तऱ्हा निराळी. उंदराचं प्रतिपिंड माणसाला मानवेल असं बदलण्याची पद्धत तिच्या पेटंटमध्ये होती. स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रास्टुझुमॅब विकत होते दुसरेच, रॉयल्टी मात्र हिला मिळे.

तिसरी वाट आपली. २००७ मध्ये डॉ. रेड्डीजनं रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती, रेडिटक्स, आणली; किंमत मूळ औषधाच्या जवळपास निम्मी. इथं कमाई शोधावर नव्हे, तर जिवंत पेशींकडून तेच औषध काटेकोरपणे बनवून घेण्याच्या कौशल्यावर होते.

बदलापूर-उल्हासनगरहून लोकलनं परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाला पेटंट आणि रॉयल्टीशी काय देणंघेणं? पण त्याच्या हातातल्या बिलात हा सगळा इतिहास आकड्यांनी लिहिलेला असतो. शोधाचा मोबदला मिळायलाच हवा. तो नसेल तर पुढचं औषध येणार नाही. मात्र औषध आहे आणि ते परवडत नाही, तर त्या रुग्णापुरता तो शोध लागलेलाच नसतो.